रूळ गेल्यावर उरलेली पट्टी : अकोला–खंडवा मीटरगेज, शकुंतला आणि सायकल

अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यात ‘धुळघाट रेल्वे’ नावाचे गाव आहे. कंसात रेल्वे नव्हे, गावाच्या नावातच रेल्वे. त्या गावात आज एकही गाडी येत नाही. रूळ गेले, नाव राहिले, आणि नावाबरोबर राहिली जमिनीची एक अरुंद, लांबलचक पट्टी : मातीचा भराव, दगडी मोऱ्या, डोंगर कापून काढलेल्या खिंडी.

जगात अनेक ठिकाणी अशा पट्टीवर आज सायकली धावतात. वऱ्हाडात त्या का धावत नाहीत, कुठे धावू शकतील आणि कुठे मुळीच धावू नयेत, हे समजण्यासाठी या पट्टीचा इतिहास अकोल्यापासून पाहावा लागतो.

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर आहे. असदखानाच्या नावाने ओळखला जाणारा असदगड, राजराजेश्वराचे मंदिर, जुन्या तटबंदीचे अवशेष, सारे याच बाजूला. पूर्व काठावरच्या ताजनापेठेच्या बाजूला इंग्रजी अमलात कचेऱ्या आणि बंगले उभे राहिले. रेल्वे आली तीही पूर्वेकडेच. त्यामुळे एका नदीने शहराचे दोन काळ वेगळे केले : अलीकडे घोडा, बैलगाडी आणि बाजार, पलीकडे घड्याळ, तार आणि इंजिन.

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा असा येत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० च्या सुमारास खामगाव आणि अमरावती या कापसाच्या बाजारपेठांना जोडफाटे मिळाले. हा सगळा मार्ग ब्रॉडगेज होता आणि त्याची दिशा एकच होती : गाठोडी बंदराकडे.

अकोल्याहून उत्तरेला सातपुड्यात शिरणारी लाईन मात्र या कापूसकथेतली नाही. ती इंग्रजांनी बांधली असा समज सर्रास आढळतो. दगडी पूल, घाटातील वळणे आणि कौलारू स्थानक दिसले की ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे सवयच आहे. या लाईनची जन्मकथा वेगळी आहे.

तिचे मूळ एका मापात आहे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारने दुय्यम मार्गांसाठी स्वस्त, अरुंद माप ठरवले. हिंदुस्थान लवकरच मेट्रिक पद्धतीकडे वळेल या अपेक्षेने ते बरोबर एक मीटर ठेवले गेले. ब्रॉडगेजचे दोन रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात, मीटरगेजचे १०००. म्हणजे एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालत नाही, आणि जिथे दोन मापे भेटतात तिथे माणसाने उतरायचे, पोते पाठीवर घ्यायचे आणि दुसऱ्या गाडीत चढायचे.

सातपुड्याच्या उत्तरेस महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि १८७० च्या दशकात खंडवा ते इंदूर मीटरगेज झाली. ती पुढे राजपुतान्याच्या जाळ्याला मिळाली. दक्षिणेस निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज झाली आणि तिचा एक फाटा पूर्णा जंक्शनहून निघून हिंगोलीला येऊन थांबला. उत्तरेची मीटरगेज खंडव्याला संपत होती, दक्षिणेची हिंगोलीला. मधे वऱ्हाड आणि सातपुडा.

ही फट बुजवण्याचे काम स्वातंत्र्यानंतर झाले. १९६० च्या आसपास हिंगोली–वाशीम–अकोला–अकोट–खंडवा असा दुवा पूर्ण झाला, आणि राजस्थानातून दख्खनपर्यंत मीटरगेजवर डबा न बदलता जाता येऊ लागले. अकोला हे दोन मापांचे जंक्शन झाले. मुंबई–नागपूर ही पूर्व–पश्चिम धार होतीच, आता जयपूर–हैदराबाद ही उत्तर–दक्षिण धारही अकोल्यातून वाहू लागली. या मार्गावरची मीनाक्षी एक्सप्रेस वऱ्हाडातल्या दोन पिढ्यांना माहीत आहे. ओंकारेश्वराला जाणाऱ्या वऱ्हाडी यात्रेकरूंनाही हीच लाईन सोयीची होती, कारण ओंकारेश्वर रोड हे स्थानक खंडव्याच्या पुढे याच मीटरगेजवर होते.

अकोल्याहून निघालेली गाडी उगवे, गांधी स्मारक रोड, पाटसूल अशी स्थानके घेत अकोटला येई. पुढे अडगाव बुद्रुक, हिवरखेड. इथवर सपाटी. मग वान नदीचे खोरे, वान रोड स्थानक आणि समोर सातपुड्याची भिंत.

रेल्वेचा आणि चढाचा संबंध समजला की सायकलीचा मुद्दा आपोआप उलगडतो. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने फिरते. म्हणूनच एक इंजिन शेकडो टन ओढू शकते, आणि म्हणूनच ते चढावर घसरते. त्यामुळे रेल्वे आखणारा अभियंता चढाला वाघासारखा भितो. सह्याद्रीतील भोर घाटाचा मार्ग अत्यंत कठीण मानला जातो, तरी तिथला चढ ३७ मीटरला १ मीटर इतकाच आहे. सपाटीवर तर तो याच्या कितीतरी कमी ठेवतात. सायकलस्वाराला इतका चढ पायांना जाणवतो, पण उतरून सायकल ढकलावी लागत नाही.

चढ कमी ठेवायचा तर अंतर वाढवावे लागते. धुळघाटाजवळ अभियंत्यांनी तेच केले. जागा थोडी आणि उंची जास्त, म्हणून लोहमार्ग डोंगराला वळसा घालून उंची मिळवत परत फिरतो आणि स्वतःच्याच अंगावरून पुलाने ओलांडून पुढे जातो. दार्जिलिंगच्या बतासिया वळणाची छायाचित्रे पाहिली असतील, तर जात तीच. वरून पाहिले की या वळणाची आकृती मराठी चारच्या आकड्यासारखी दिसते. मीटरगेजच्या काळात हे ठिकाण ‘चार का आकडा’ या हिंदी नावानेच ओळखले जाई. गाडीतील मुले खिडकीशी सरकून, आपण काही मिनिटांपूर्वी होतो तो रूळ खाली शोधत.

या लाईनच्या पायाखाली आणखी जुना इतिहास आहे. अडगाव बुद्रुकच्या परिसरातच २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, असईनंतर दोन महिन्यांनी, आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. इंग्रजी पुस्तकांत ही लढाई ‘अरगाव’ म्हणून येते, त्यामुळे ती अकोला जिल्ह्यात झाली हे अकोल्यातीलच अनेकांच्या लक्षात येत नाही. अकोटच्या उत्तरेस डोंगरावर नरनाळा किल्ला आहे, आणि त्याच डोंगररांगेत पूर्वेला गाविलगड, जो या लढाईनंतर पंधरवड्याभरात, १५ डिसेंबर १८०३ रोजी, इंग्रजांनी घेतला. हिवरखेडहून गाडी डोंगराकडे वळे तेव्हा प्रवासी एका हरलेल्या युद्धाच्या मैदानातून जात असे.

१९९२ मध्ये भारतीय रेल्वेने सर्व महत्त्वाचे मार्ग एकाच मापाचे करण्याचे धोरण स्वीकारले. मीटरगेज तुकड्यातुकड्याने संपू लागली. पूर्णा–अकोला हा दक्षिणेचा भाग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. उत्तरेकडेही रतलामच्या बाजूने काम सरकत आले. मधली अकोला–खंडवा–महू मीटरगेज बेटासारखी उरली. दोन्ही टोकांना जोडणारे काहीच नाही, अशा मार्गावर मालगाडी चालवण्यात अर्थ नसतो. २०१७ च्या सुरुवातीला अकोला–खंडवा दरम्यानची गाडी बंद झाली.

एका लाईनचे तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याचे प्राक्तन वेगळे होते. या लाईनइतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

महूच्या बाजूला पातालपाणी ते कालाकुंड हा घाटाचा छोटा भाग मीटरगेजच ठेवला गेला, आणि डिसेंबर २०१८ पासून त्यावर पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू झाली.

अकोला–अकोट हा ४४ किलोमीटरचा भाग ब्रॉडगेज झाला. काम होऊनही गाडी मात्र येईना. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये अकोला–अकोट रस्त्यावरचा, गांधीग्रामचा पूर्णा नदीवरील ब्रिटिशकालीन पूल तडा गेल्याने वाहतुकीस बंद झाला. अकोटच्या माणसाला अकोला एकाएकी दूर झाले. वळसा, वेळ, भाडे, सारेच वाढले. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली. रस्ता तुटला तेव्हा रुळाची आठवण झाली. लोहमार्गाची पट्टी जपून ठेवली असेल, तर संकटात ती किती लवकर कामी येते याचा हा धडा अकोल्याने प्रत्यक्ष पाहिला आहे. (गांधीग्राम अकोलेकरांना ठाऊक असते ते श्रावणामुळे. तिथून पूर्णेचे पाणी कावडीत भरून जुन्या शहरातील राजराजेश्वराला आणतात. पूल बंद झाला तेव्हा त्या वाटेचाही प्रश्न होताच.)

तिसरा तुकडा अकोटच्या पुढचा. इथे खरा वाद आहे.

मेळघाट हा १९७३–७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. जुन्या मीटरगेजचा सुमारे ३९ किलोमीटरचा भाग या प्रकल्पातून, वान अभयारण्याच्या परिसरातून जातो. त्याच जागेवर ब्रॉडगेज टाकायची तर भराव रुंद, वळणे मोठी, बोगदे नवे, आणि गाड्या जास्त व वेगवान. दिवसातून मोजक्या, हळू चालणाऱ्या मीटरगेज गाड्या आणि रात्रंदिवस धावणाऱ्या मालगाड्या यांत जंगलाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला. पर्याय सुचवला गेला : हिवरखेडहून पश्चिमेला वळून बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा, जामोद या बाजूने जाऊन तुकईथडला जुन्या मार्गाला मिळायचे. अंतर सुमारे तीस किलोमीटरने वाढते, पण वाघाचे घर टळते आणि रेल्वे कधीच न पाहिलेली गावे मार्गावर येतात. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वे मंत्रालयाला पत्र लिहून हाच पर्याय मागितला. त्यानंतर रेल्वेने वळशाच्या मार्गाचे सर्वेक्षण हाती घेतले.

या वादाला एक बाजू आहे जी शहरी चर्चेत सहसा येत नाही. मेळघाटच्या गाभ्यातून बोरी, कोहा, कुंड ही गावे सुमारे दोन दशकांपूर्वी उठवून अकोटच्या बाजूच्या सपाटीवर वसवण्यात आली. पुढे आणखी गावे हलली. ही माणसे बहुतांशी कोरकू. जंगलातल्या माणसाला शेताच्या सपाटीवर आणून ठेवणे हा कागदावर एका ओळीचा निर्णय असतो. आश्वासने पाळली गेली नाहीत म्हणून काही कुटुंबे परत जंगलात गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी, गुल्लरघाट परिसरात ग्रामस्थ आणि सुरक्षा दले यांच्यात संघर्ष झाला. ज्या वाघासाठी कोरकूंना गाव सोडायला सांगितले, त्याच वाघाच्या अंगावरून मालगाडी नेणे कोणत्या न्यायात बसते? हा प्रश्न वन्यजीव अभ्यासकांच्या कोणत्याही नकाशापेक्षा अधिक वजनदार आहे.

आणि हाच प्रश्न सायकलीलाही लागू होतो.

चार का आकडा, दगडी पूल, खिंडी, पावसाळ्यात हिरवा होणारा सातपुडा. कोणाही सायकलस्वाराच्या मनात येईल की जगातील अत्यंत सुंदर सायकलमार्गांपैकी एक इथे होऊ शकतो. सौंदर्याबद्दल शंका नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेशच नाही, आणि असावाही का? गावकऱ्याला बाहेर काढून सहलीला आलेल्याला आत सोडणे हा मालगाडीचाच अन्याय, फक्त कमी आवाजाचा. वान रोड ते धुळघाट ही पट्टी जंगलाने परत घेऊ द्यावी. तिथे काही वर्षांत भरावावर साग आणि बांबू उभे राहतील आणि चारचा आकडा हळूहळू पुसट होईल. इतिहासप्रेमी माणसाला हे पाहणे अवघड जाते, पण सगळाच वारसा चाकाखाली घ्यायचा नसतो.

मग वऱ्हाडात सायकलीची पट्टी कुठली? अकोला जिल्ह्यातच, मुंबई–नागपूर मार्गावर थोडे पूर्वेला, मूर्तिजापूरला तिचे उत्तर आहे : शकुंतला.

मूर्तिजापूर जंक्शनहून दोन नॅरोगेज शाखा निघतात. एक दक्षिणेला कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरी उत्तरेला अचलपूरला, सुमारे ७७ किलोमीटर. रुळांतील अंतर केवळ ७६२ मिलिमीटर. हा मार्ग किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रज कंपनीच्या छत्राखाली विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. १९१० मध्ये त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली. हेतू पुन्हा तोच : आतल्या मुलखातील कापूस मुख्य मार्गापर्यंत आणणे.

स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्रीयीकृत झाल्या, पण हा मार्ग कंपनीच्या मालकीचाच राहिला. गाडी चालवणार सरकारी रेल्वे आणि करारानुसार मोबदला मिळणार कंपनीला, अशी विचित्र व्यवस्था दशकानुदशके चालली. मालक देखभाल करीना, चालवणारा दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च करीना. पूल जुने झाले, वेग उतरला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत हा गाडा ओढत होते. त्यानंतर डिझेल आले. मधल्या स्थानकांवर कर्मचारी उरले नव्हते, गार्डच तिकिटे फाडी आणि सिग्नलही पाही. गाडीला ‘शकुंतला’ हे नाव लोकांनीच दिले.

बसच्या तुलनेत तिचे भाडे नगण्य होते. शेतमजूर, भाजीवाल्या बाया, शाळकरी मुले यांची ती गाडी होती. हळू होती, पण परवडत होती. २०१६ मध्ये तिचे ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. २०२० च्या सुमारास दोन्ही शाखा थंडावल्या होत्या. गाडी परत यावी यासाठी अचलपूर–यवतमाळ पट्ट्यातील लोक आजही मोर्चे काढतात, निवेदने देतात.

इथेच सायकलमार्गाच्या कल्पनेचा पहिला खरा अडथळा येतो, आणि तो पैशाचा नाही. ‘सायकल ट्रॅक’ म्हटले की गावकऱ्याला ऐकू येते : रेल्वे कायमची गेली. ज्याला पंधरा रुपयांत तालुक्याला जायचे होते, त्याला शहरातील चार हौशी पोरांसाठी वाट कशाला हवी? ही शंका रास्त आहे. तिला उत्तर द्यायचे तर इतर देशांनी काय केले ते पाहावे लागते.

ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल लोहमार्ग बंद झाले. रूळ भंगारात गेले, जमीन तुकड्यांनी विकली गेली, पुलांखाली वखारी आणि खिंडींत कचरा. ब्रिस्टल ते बाथ या जुन्या मार्गावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्थानिक सायकलस्वारांनी स्वतः फावडी घेऊन वाट तयार केली. त्यातूनच पुढे सस्ट्रान्स ही संस्था आणि देशभरचे सायकलजाळे उभे राहिले. पण जिथे पट्टी विकली गेली होती तिथे ना सायकल आली ना रेल्वे. आज तिथे पुन्हा गाडी सुरू करायची म्हटले की घरे आणि गोदामे आडवी येतात.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने एल्रॉय ते स्पार्टा हा बंद मार्ग १९६५ मध्ये विकत घेतला आणि दोन वर्षांत त्यावर सायकलमार्ग खुला केला. त्यात तीन जुने बोगदे आहेत. पण तिथली अधिक महत्त्वाची गोष्ट १९८३ ची आहे. त्या वर्षी कायद्यात अशी तरतूद झाली की बंद होणारा लोहमार्ग तुकड्यांनी न विकता ‘ठेव’ म्हणून राखता येईल. तोवर त्यावर पायी आणि सायकलने जाता येईल, आणि उद्या रेल्वेची गरज पडली तर तीच पट्टी रेल्वेला परत मिळेल. याला तिकडे रेल-बँकिंग म्हणतात. लगतच्या जमीनमालकांनी या कायद्याला आव्हान दिले, पण १९९० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल लाईनची कथा वऱ्हाडला सर्वांत जवळची. १९९० मध्ये मार्ग बंद झाला, २००० मध्ये तोच सुमारे १५० किलोमीटरचा सायकलमार्ग झाला. प्रवासी एका दिवसात एवढे अंतर तोडत नाहीत. ते तीन-चार दिवस घेतात, म्हणजे वाटेतल्या लहान गावांत जेवतात आणि मुक्काम करतात. ओस पडत चाललेल्या गावांत खाणावळी उघडल्या.

आता हे मूर्तिजापूर–अचलपूर शाखेवर ठेवून पाहा. ७७ किलोमीटर म्हणजे रमतगमत दोन दिवस. पहिला टप्पा लाखपुरी, पूर्णेच्या काठी, लक्षेश्वराच्या मंदिराचे गाव. पुढे बनोसा, म्हणजे दर्यापूर. मग कापूसतळणी, नावातच पीक. मग अंजनगाव सुर्जी, जिथे ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. पथ्रोट. आणि शेवटी अचलपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी, ज्याच्या उत्तरेला गाविलगडचा डोंगर उभा आहे. अडगावची लढाई, गाविलगडचा पाडाव आणि अंजनगावचा तह, १८०३ च्या अखेरचा एक महिना या भागात जमिनीवर उलगडून दाखवता येतो. पुस्तकातले इंग्रजी नकाशे पाहून जे कळत नाही ते, सपाटीतून दिसणारी सातपुड्याची निळी रेघ हळूहळू जवळ येताना कळते : शिंदे–भोसल्यांच्या फौजा त्या डोंगराच्या आधारासाठी का धडपडत होत्या आणि इंग्रजांनी त्यांना सपाटीवरच का गाठले.

भरावाचा एक साधा उपयोगही आहे, जो बाहेरच्याला सुचणार नाही. वऱ्हाडची काळी माती पावसात चिकट गोळा होते. सायकलचे चाक शंभर पावलांत मडगार्डमध्ये रुतून बसते. पांदण रस्त्याने शेतात जाणारा प्रत्येक जण हे जाणतो. रेल्वेचा भराव मुरूम आणि खडीचा, शेतापेक्षा उंच, दोन्ही बाजूंनी पाणी वाहून जाणारा. शाळेत जाणाऱ्या मुलीला जुलै-ऑगस्टमध्ये ही कोरडी वाट पर्यटकापेक्षा जास्त लागते. सायकलमार्ग म्हणजे हौशी लोकांचे खेळणे, या आक्षेपाला याहून सरळ उत्तर नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. शकुंतलेचे रूळ अनेक ठिकाणी अजून जागेवर आहेत, गवतात आणि मातीत दडलेले, म्हणजे कायद्याने तो बंद मार्ग नसून झोपलेला मार्ग आहे. मालकीचा जुना गुंता सोडवल्याशिवाय कुणालाही तिथे कुदळ मारता येणार नाही. भारतात रेल-बँकिंगसारखी तरतूद नाही. तुकडा बंद झाला की तो ब्रॉडगेज होतो, नाहीतर वारसा गाडी होतो, नाहीतर हळूहळू शेतात, अंगणात, दुकानाच्या पायऱ्यांत विरून जातो. चौथी वाट कागदावरच नाही. पट्टीचे शत्रू दोनच : विक्री आणि विस्मरण. ज्या पट्टीवरून रोज माणसे जातात, तिच्यावर कुंपण घालणे अवघड असते. सायकलमार्ग रेल्वेचा वैरी नसून तिच्या जागेचा राखणदार होऊ शकतो, हे मूर्तिजापूर आणि अचलपूरच्या आंदोलकांना पटले, तर मागणीपत्रात एक ओळ वाढेल : गाडी येईपर्यंत पट्टी मोकळी ठेवा, आणि मोकळी ठेवण्यासाठी ती लोकांना वापरू द्या.

अकोल्याच्या जुन्या शहरातून सायकल काढणाऱ्याला आजही यातले काही पाहता येते. अकोट रस्त्याने गांधीग्रामला पूर्णेच्या काठी थांबले की एकीकडे रस्त्याची वाट, दुसरीकडे ब्रॉडगेजचा पूल. पाटसूलच्या पुढे अकोट. अकोटहून अडगाव आणि हिवरखेडपर्यंत जुन्या लाईनच्या खुणा रस्त्यालगत शोधता येतात. हिवरखेडनंतर रस्ता आणि लाईन दोन्ही डोंगराकडे वळतात. तिथून पुढचा भराव जंगलाचा आहे. सायकल तिथे वळवायची आणि परतताना, दुसऱ्या रविवारसाठी, मूर्तिजापूरच्या पॅसेंजरची वेळ पाहून ठेवायची.